खंड्या, कापूर आणि जयाचं रुखवत

नाही, म्हणजे मी काय वावगं बोललो, तुम्हीच सांगा! एवढंच म्हटलं, की ते कापराचं देऊळ जरा उंचावर ठेवा, खंड्याच्या तोंडाशी नको... तर चंद्रकला, म्हणजे आमची सौभाग्यवती, हातातली लवंग खाली ठेवून म्हणाली, "आता एवढंच राहिलं होतं. लग्न मुलीचं, आणि बापाला काळजी कुत्र्याची!" माझं चुकत असेल. नाही, चुकतच असेल, लग्न झाल्यापासून माझंच चुकत आलंय... पण कुत्र्याला नाक असतं हो!

तुम्हाला सांगतो, जयाचं, आमच्या धाकटीचं, लग्न ठरलं आणि मुळशीच्या या घरात रुखवताचा कारखानाच सुरू झाला. रुखवत म्हणजे लाडू, चिवडा, फार तर कापसाचा ससा, अशी माझी समजूत. पण व्याह्यांकडच्या बायका पुण्याच्या, नाकं मुरडणाऱ्या, म्हणून हिनं ठरवलं, नुसतं दिसून भागायचं नाही, रुखवत घमघमलं पाहिजे! मग काय... कापराचं देऊळ, भोवती लवंगांचं कुंपण, दारात वाळ्याचा हत्ती, आणि देवळापुढच्या इवल्याशा तुळशीवृंदावनापाशी जायफळाचं कासव, लवंगांचे पाय लावलेलं! आणि हे सगळं कुठे? बैठकीत, खाली, चटईवर! म्हणजे बरोबर खंड्याच्या ताटाच्या उंचीवर!

आणि मी कोण? आयुष्यभर सुगंधी तेलांचं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. डॉक्टरेट त्यातलीच. कापूर कुत्र्याच्या पोटात गेला तर झटके येतात, जायफळानं काळीज धडधडतं, तोंड कोरडं पडतं, हे मला ठाऊक... ठाऊक म्हणजे, वाचलंय. किती खाल्लं तर? ते नाही ठाऊक! अहो, माझ्या त्या जाडजूड प्रबंधात एकही कुत्रा नाही!

तरी उपाय केले. देऊळ स्टुलावर ठेवलं, खंड्या स्टुलावर. टेबलावर ठेवलं, तो आधी खुर्चीवर, मग टेबलावर. कपाटावर चढवायला गेलो तर जया रडकुंडीला, "बाबा, कळस तुटला!" शेवटी खंड्यालाच अंगणात बांधलं, तर असा गळा काढला त्यानं, की शेजारच्या धोंडाबाई, रुखवताला हातभार लावायला येतात त्या, म्हणाल्या, "मास्तर, सोडा त्याला. लगीनघरात असलं रडनं बरं न्हाई. आन् कुत्रं काय जायफळ खातंय व्हय? त्यो काय श्रीखंड करनार हाय?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. आणि सोडला! विद्वान माणसाचं असंच होतं, चार बायका हसल्या की स्वतःच्या विद्येची शंका येते. माझं चुकत असेल... पण कुत्र्याला नाक असतं हो!

झोप उडाली माझी. जरा डोळा लागला की उठतो, खंड्याच्या नाकाशी बोट धरतो, श्वास आहे का बघतो. आणि काल सकाळी बैठकीत येतो, तर... देऊळ जागेवर, हत्ती जागेवर, आणि कासव नाही! तुळशीपाशी नुसत्या लवंगा पडलेल्या. पाय! फक्त पाय! आणि शेजारी खंड्या आडवा पसरलेला, जीभ बाहेर...

"गिळलं! यानं कासव गिळलं!" चंद्रकला हळद दळायला धोंडाबाईंकडे गेलेली. घरात एकटी जया, ती रडायला लागली, कुत्र्यासाठी की कासवासाठी, हे विचारायला वेळ कुणाला होता? खंड्याला उचललं, निघालो धावत. एसटी उभीच होती. कंडक्टर म्हणतो, "कुत्रं न्हाई चालायचं." मी म्हणालो, "अहो, हा मरतोय!" तर म्हणतो, "मंग तर आजिबात न्हाई!"

शेवटी कुशाबानं त्याच्या दुधाच्या जीपमध्ये घेतलं. "बसा मागं, मास्तर. पर लई हुंदकं देऊ नगा, दूध नासंल." पौडपर्यंत खंड्याला पोटाशी धरून बसलो, त्याच्या छातीवर हात. धडधड, धडधड! "खंड्या, बाबा, जाऊ नकोस रे... जया सासरी चालली, आता घरात माझं ऐकून घेणारं कोण राहिलं? तू निदान मान तरी वाकडी करतोस!"

पौडच्या गुरांच्या डॉक्टरांनी त्याचे डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं. मग माझ्याकडे बघितलं... आणि बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिले.

"सर, याला काही झालेलं नाही. झोप नाही बिचाऱ्याला. रात्री कोणी उठवतं का?"

"अहो, पण ही धडधड?"

"हात काढा त्याच्यावरून."

काढला. धडधड तशीच!

"ती तुमची आहे, सर. आणि ओठही चिकटतायत तुमचे. काय खाल्लंत?"

मी? मी काय खाणार?

घरी आलो तर चंद्रकला दारात. "कासव? ते तुम्हाला दिलं. तुम्ही झोपत नव्हतात ना, म्हणून काल संध्याकाळी उगाळून दुधातून दिलं. घरातली जायफळं श्रीखंडात संपली, वाण्याकडे नाहीत, मग काय करू? आधी थोडंच उगाळलं होतं, पण तुमचा डोळा काही लागेना, मग आणखी दिलं... मग म्हटलं, आता अर्धं कासव कोणाला दाखवायचं? संपवलं. पाय ठेवलेत काढून."

म्हणजे बघा! आयुष्यभर जायफळाचं तेल हुंगलेला माणूस, रुखवतातलं कासव दुधाबरोबर प्यायला आणि त्याला पत्ता नाही! कुत्र्याला नाक असतं हो... मलाच नव्हतं.

आता रुखवत मागच्या खोलीत हलवलंय, दाराला कडी. माझं म्हणणं शेवटी सगळ्यांना पटलं, खाणाऱ्यापासून ते लांब ठेवलं पाहिजे. दाराशी राखणीला खंड्याला बसवलंय...

मी जवळ गेलो की भुंकतो.