बकूचं मौनव्रत

मंडळी, एक सांगा मला. माणूस गप्प कशानं होतो? ज्ञानानं! — बरोबर. मागचे काका म्हणतात, लग्नानं! — तेही बरोबर. पण साडेचार वर्षांचं पोर गप्प झालं तर? त्याला काय म्हणायचं? ऐका!

काकडवाडीत वैजयंता नावाची माउली. घरचं गुऱ्हाळ, पदरात एकुलती लेक — बकू. बकूचं काय सांगू! डोळा उघडला की बडबड! कोंबडीशी बोलायची, खांबाशी बोलायची, कुणीच नसलं तर स्वतःशी भांडायची! आणि गालात कायम गुळाचा खडा. आजीची माया हो!

अन् एके दिवशी — चिडीचूप!

भाकरी पुढं केली, ढकलून दिली. पोरं खेळायला बोलवायला आली, तर ही उंबऱ्यावर बसलेली — गालाला हात, डोळे अर्धे मिटलेले. आरतीला उभी केली, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी!

सासूबाई आक्काताईंनी टाळीच वाजवली. "अगं वैजे! अन्न सोडलं, खेळ सोडला, बोलणं सोडलं! देवापुढं अश्रू! पोर साध्वी झाली आपली!"

झालं! वाडीला काय, निमित्तच पाहिजे. दर्शनाला रांग लागली! ज्याच्या त्याच्या हातात पेढे. "माउली, एवढा घ्या." माउलीनं मान फिरवली की बायका गहिवरायच्या — "काय वैराग्य गं!" एका बुवांनी तर साष्टांग नमस्कार घातला. कोण बुवा? — हसू नका! हाच तो, तुमच्यापुढं उभा!

वैजयंता मात्र हसेना. तिला साध्वी नको होती हो, तिला ती कोंबडीशी भांडणारी बकू हवी होती! परवापरवा घट्ट होणारा फ्रॉक आता लेकीच्या खांद्यावरून घसरत होता. ते रांगेतल्या कुणाला दिसलं नाही. आईला दिसलं.

गुरुवारी रांग ऐन भरात. वैजयंतानं लेकीला माठातलं गार पाणी दिलं. एक घोट — आणि माउली ताडकन उडाली! आईनं तिची हनुवटी धरली.

"बकू, आ कर."

"साध्वीच्या तोंडात काय बघतीस?" आक्काताई कडाडल्या.

"आ कर, माझे राणी."

यशोदामाईनं कृष्णाच्या तोंडात पाहिलं, तिला विश्व दिसलं. वैजयंताला काय दिसलं? — दोन दाढा! काळ्या कुळकुळीत, मधोमध खड्डा, अन् हिरडी टम्म सुजलेली!

"अगं, दुधाचे दात! पडायचेच की ते!" सासूबाई म्हणाल्या.

"पडतील तेव्हा पडतील, आत्याबाई! तोवर पोरीनं जेवायचं कशानं?"

उचललं लेकीला अन् निघाली तालुक्याला. रांगेला वाटलं, माउली तीर्थाला निघाल्या! सगळे टाळ घेऊन मागं! एसटीत भजन, दवाखान्यात भजन! दातांच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पेशंट कोण?" — सगळ्यांनी बकूपुढं हात जोडले!

बाईंनी एक दाढ भरली, एक काढली. म्हणाल्या, "महिनाभर ठणकत असेल हो. एवढ्याशा जिवाला सांगता येत नाही. ते जेवण सोडतं, झोप सोडतं, हसणं सोडतं. आणि तुम्ही पाया पडताय?"

मंडळी, बाण वर्मी लागला. बुवांनी टाळ गुपचूप पिशवीत घातले.

पण सवय जाते थोडीच! चार दिवसांनी बुवा पुन्हा गेले, पुन्हा पाय धरले — तोच आकाशवाणी झाली! "सोडा! गुदगुल्या होतात! आई, भाकरी दे, कडक दे! माझी कोंबडी कुणी बांधली? आणि हे आजोबा सारखे का येतात?"

वैजयंता भाकरी थापता थापता हसायला लागली अन् हसता हसता रडायला. आक्काताईंनी कानांवर हात ठेवले, "देवा, मौनच बरं होतं!" पण संध्याकाळी बघावं, तर त्याच आक्काताई नातीला मांडीवर घेऊन दात घासतायत!

तर मंडळी, यशोदेनं निदान तोंड उघडून पाहिलं. तुम्ही कधी पाहिलं? प्रसाद वाटायला वेळ आहे अजून. घ्या मांडीवरचं लेकरू, करा दिव्याकडं तोंड, अन् म्हणा — आ कर! हं, अस्सं!

आणि मागचे काका — तुम्ही नाही हो. तुमचं मिटा!