पानांआडचं घरटं

धाकटा : वहिनी, झाकण जरा हळू ठेव. आणि खिडकीच्या पडद्याच्या फार जवळ येऊ नकोस.

वहिनी : स्वयंपाकघर माझं, आणि चोरपावलांनी वावरायचंही मीच! मिक्सर लावायची चोरी, नळ सोडायची चोरी. भाऊजी, दुपार झाली. ते स्टूल सोडा आणि दोन घास खाऊन घ्या.

धाकटा : जेवणाचं नंतर पाहू. आधी इकडे ये. कॅमेऱ्यातून बघ.

वहिनी : अगंबाई! काय सुरेख! या आई-बुलबुलने कसे दोन्ही पंख पसरलेत! पिल्लांना मिठीतच घेतलंय जणू. हा फोटो पाठवा बाई कुठेतरी स्पर्धेला.

धाकटा : मघाशी मलाही तो फार सुंदर वाटला होता. मग तिच्या चोचीकडे लक्ष गेलं. उघडी आहे बघ. धापा टाकते आहे ती. पिल्लांवर ऊन पडू नये म्हणून स्वतः छत्रीसारखी उभी आहे. चारा आणायलासुद्धा जागची हललेली नाही.

वहिनी : ऊन? एवढ्या दाट झुडपात ऊन कुठून शिरणार?

धाकटा : तेच तुला विचारतो आहे. कालपर्यंत घरट्यावर पानांनी भरलेली एक फांदी होती. आज ती नाही.

वहिनी : वाऱ्याने मोडली असेल. काल केवढा सुटला होता!

धाकटा : वाऱ्याने मोडलेली फांदी साल ओरबाडत तुटते. ही बघ, मोठी करून दाखवतो. काकडी कापावी तशी कापली आहे. दादाला विचारू का?

वहिनी : त्यांना कशाला मध्ये ओढता? झुडूप कुठलं आणि कोथिंबीर कुठली, एवढंही त्यांना कळत नाही.

धाकटा : मग कोणी कापली?

वहिनी : मी.

धाकटा : तू?

वहिनी : नोकरी सुटल्यापासून तुम्ही जेवायला बसता आणि एकच वाक्य बोलता, ‘ते एक पान मध्ये येतं.’ बाकी सगळा मुका कारभार. मला वाटलं, पान गेलं तर फोटो येईल, आणि फोटो आला तर माणूस जरा हसेल तरी. सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होतात, ती चारा आणायला गेली तेवढ्यात कात्री घेऊन गेले नि आले. दुसरं काही मनात नव्हतं हो माझ्या.

धाकटा : रडू नकोस. आवाज बाहेर जातो.

वहिनी : मी आत्ता जाते. दुसरी फांदी ओढून दोऱ्याने बांधून टाकते.

धाकटा : नको! पाण्याच्या टाकीवर बघ. कावळा. मघापासून नजर लावून बसला आहे. तू घरट्याला हात लावलास की ती उडेल, आणि ती उडाली की त्याच्यापुढे ताटच वाढलं म्हण.

वहिनी : मग काय, हातावर हात ठेवून बघत बसायचं?

धाकटा : घराची सावली तिथवर पोचायला अजून अवकाश आहे. तोवर पिल्लं तग धरणार नाहीत. तीही नाही.

वहिनी : भाऊजी, झुडपाच्या अलीकडेच आपली कपड्यांची दोरी आहे. मी रोज तिथे वाळत घालते, तेव्हा ती ढिम्म हलत नाही. मोठी चादर टाकली तर? ऊन आपल्या घराच्या बाजूनेच येतंय ना?

धाकटा : हो.

वहिनी : मग? सावली नाही पडायची का?

धाकटा : पडेल. नेमकी घरट्यावरच पडेल.

वहिनी : मग तोंड का असं... अगंबाई. खिडकीतून मग काहीच दिसणार नाही.

धाकटा : पिल्लांची पिसं भरली आहेत. उद्या किंवा परवा उडतील. त्या एका क्षणासाठी मी इतके दिवस या स्टुलावर काढले, वहिनी.

वहिनी : संध्याकाळी काढून घेऊ की चादर.

धाकटा : आत्ता पिल्लं तिच्या पंखांखाली आहेत म्हणून जमेल; पण एकदा टाकली की हलवायची नाही. या वयातली पिल्लं समोर मोठं काही हललं की घाबरून वेळेआधीच उडी टाकतात. खाली पडतात, आणि ते महाशय टाकीवर आहेतच.

वहिनी : तुम्हीच काय ते ठरवा. एकदा आपल्या मनाने करून बसले, आता पुन्हा नाही.

धाकटा : तिची मान झुकायला लागली. चादर घे. गडद नको, फिकी घे. आणि फोन कानाला लावून जा.

(वहिनी मागच्या दाराने अंगणात. दोघांचेही फोन चालू.)

वहिनी : निघाले. चादर खांद्यावर घेतलीय.

धाकटा : घाई करू नकोस. झुडपाकडे बघू नकोस. रोज गुणगुणतेस तशी गुणगुण, तिला तुझा आवाज ओळखीचा आहे.

वहिनी : अशा वेळी गाणं कुठून आणू?

धाकटा : मग दादाची गाऱ्हाणी सांग. तीही तिने रोज ऐकली आहेत.

वहिनी : ओला टॉवेल रोज पलंगावर फेकायचा, आणि वर मलाच विचारायचं, गादीला वास कसला येतो! पायमोजे तर जन्मात कधी जोडीने...

धाकटा : तिने मान वळवली. हात थांबव. तोंड थांबवू नकोस!

वहिनी : ...जोडीने सापडतील तर शपथ. एक दिवाणखान्यात, एक देव जाणे कुठे! कावळा कुठंय?

धाकटा : टाकीवरून भिंतीवर आला. चादर झटकू नकोस. हळूहळू सोड खाली. अजून थोडी डावीकडे. पुरे, उजवीकडे. पिल्लांवर सावली आली. आता तिच्या पाठीवर... वहिनी, मला दिसेनासं झालं.

वहिनी : चिमटे लावतेय.

धाकटा : कावळा?

वहिनी : भिंतीवर नाही दिसत. थांबा... गेला, शेजारच्या गच्चीकडे गेला.

धाकटा : आणि ती? बसली आहे ना? वहिनी? बोल काहीतरी!

वहिनी : शू! कडेने बघतेय... मिटले. पंख मिटले हो तिने! एक पिल्लू पोटाखालून डोकं बाहेर काढतंय. डोक्यावर कसली पिसं उभी राहिलीत त्याची! तुम्हाला काहीच दिसत नाही का तिथून?

धाकटा : नाही. तू सांगत राहा.