परतीच्या फेरीला न चढलेल्या बाईंबाबत

माझे वय सत्तेचाळीस, धंदा स्वतःच्या बोटीतून कुटुंबांना व लहान गटांना समुद्रात गळाने मासे पकडायला नेण्याचा, राहणार धक्क्यामागची गल्ली, बर्फाच्या कारखान्यावरची खोली. माझे नाव वर लिहून घेतले आहे, पण त्या नावाने चौकशी केलीत तर धक्क्यावर कोणी माझे घर दाखवणार नाही. तिथे मला कप्तीण म्हणतात. आज बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात समक्ष हजर झाले असून विचारल्यावरून सांगते ते येणेप्रमाणे.

सदर बोट पूर्वी माझ्या नवऱ्याची होती. तो गेल्यावर ती विकून टाक, बाईमाणसाचे हे काम नव्हे, असे घरच्यांनी व बाहेरच्यांनी सांगितले. मी विकली नाही. याचा या प्रकरणाशी संबंध नाही, साहेबांनी विचारले म्हणून सांगितले. बोटीवर माझ्यासोबत माझा धाकटा दीर काम करतो. मी सुकाणू धरते, तो गळ, आमिष व माणसे सांभाळतो. माणसे सांभाळणे जास्त अवघड असते.

रविवारी सकाळी उजाडल्यावर तक्रारदार, त्यांची पत्नी, त्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी व त्यांची आई असे चौघे धक्क्यावर आले. तक्रारदारांनी मला बाजूला घेऊन सांगितले की आईचे वय बहात्तर आहे, ती हल्ली विसरते, तिला आत केबिनमध्ये बसवा आणि तिच्या हातात गळ वगैरे देऊ नका. उद्यापासून ती कायमची आमच्याकडे राहायला येणार आहे, तिला समुद्र आवडतो म्हणून त्याआधी ही सहल ठरवली. हे सांगताना त्यांचा आवाज चांगला होता. आईवर त्यांचा जीव नाही असे मी म्हणत नाही, तसे लिहू नये.

मी सर्वांना लाइफ जॅकेट घातली. तक्रारदार नको म्हणाले, उकडते म्हणाले. जॅकेट नसेल तर बोट सुटणार नाही असे मी सांगितल्यावर त्यांनी घातले. त्यांच्या आईचे पट्टे मी स्वतः आवळले. सवयीने मी त्यांना आजी म्हणाले, तर त्या म्हणाल्या, आजी मी हिची, तुझी मावशी. म्हणून यापुढे मी त्यांना मावशी म्हणते.

आम्ही खडकाच्या रांगेपाशी नांगर टाकला. तिथे पाणी शांत असते व लहान मुलांना मासा लवकर लागतो. तक्रारदारांच्या मुलीला थोड्या वेळात मळमळू लागले. दिराने तिला मोकळ्या हवेत बसवून क्षितिजाकडे बघायला लावले. मुलीचा गळ रिकामा राहिला. मावशी केबिनमधून बाहेर आल्या व त्यांनी तो हातात घेतला. तक्रारदार लांबूनच म्हणाले, आई, तुला नाही जमणार ते, ठेव. त्यांनी ठेवला नाही. आमिष कसे लावायचे ते त्यांनी दिराला विचारले, एकदा बोटात हूक टोचून घेतला, दुसऱ्यांदा नीट लावला.

तक्रारदारांचे म्हणणे आहे की आईची समज कमी झाली आहे. त्याबाबत मी डॉक्टर नाही. मी जे पाहिले ते सांगते. मावशींच्या गळाला चांगली हातभर लांब तांबोशी लागली. दोरी तुटेल म्हणून मी त्यांना रीळ सैल सोडायला सांगितले. त्यांनी सोडले. मासा दमल्यावर गुंडाळा म्हटले, तेव्हा गुंडाळले. तक्रारदार दोनदा त्यांच्या हातातून रॉड घ्यायला आले. दुसऱ्या वेळी मावशी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, तुझा गळ तिकडे आहे. मासा वर आल्यावर नातीने टाळ्या वाजवल्या व तिची मळमळ थांबली. सूनबाईंनी फोटो काढला. तो फोटो मागवून घ्यावा, म्हणजे बाई कोणत्या समजेत होत्या ते कोणालाही दिसेल.

दुपारकडे वारा फिरला म्हणून मी नांगर उचलला. परतीच्या वाटेवर पलीकडच्या धक्क्याला थांबायचा आमचा नेहमीचा रिवाज आहे. तिथे शौचालय आहे, चहाची टपरी आहे. सहलीच्या सगळ्याच बोटी थांबतात. बोट मुद्दाम तिकडे वळवली असे तक्रारीत लिहिले आहे ते खोटे आहे.

तिकडे जाताना तक्रारदार मागच्या बाजूला मुलीला गळ शिकवत होते. मावशी माझ्याजवळ सुकाणूपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितले की त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होत्या, आणि शेजारच्या खुर्चीवर बसणारी त्यांची मैत्रीण आता पलीकडच्या किनाऱ्यावर एकटी राहते. तिने खालची खोली रिकामी करून ठेवली आहे. मुलाला हे तीनदा सांगितले, तो हसण्यावारी नेतो. फोन त्याने स्वतःकडे ठेवला आहे, तू कोणालाही फोन करतेस म्हणतो. मैत्रिणीशी बोलणे शेजारणीच्या फोनवरून झाले, ती धक्क्यावर येणार आहे. हे सगळे त्या मला विचारत नव्हत्या, सांगत होत्या. त्यानंतरचे बोलणे जसेच्या तसे लिहून घ्यावे.

त्या म्हणाल्या, "तिथे किती वेळ थांबतेस गं?"

मी म्हणाले, "माणसं परत चढेपर्यंत."

"आणि एखादं माणूस चढलंच नाही तर?"

मी एकदा मागे तक्रारदारांकडे पाहिले. मग म्हणाले, "तर ते तिथे राहतं, मावशी. मी कोणाला बांधून नेत नाही."

याचा अर्थ तुम्हाला तेव्हा समजला होता का, असे साहेबांनी विचारले. समजला होता. समजला नव्हता असे सांगून मी सुटणार नाही. मुलाला का सांगितले नाही, असेही विचारले. बोलणे मावशींचे होते, सांगायचे की नाही ते त्यांनी ठरवायचे होते.

धक्क्याला लागल्यावर सगळे खाली गेले. चहा झाला. मावशींची मैत्रीण टपरीजवळ उभी होती. जाडसर बाई, चष्मा दोरीला बांधलेला. दोघी एकमेकींच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मी निघायची हाक दिली. सूनबाई व मुलगी बोटीत चढल्या. तक्रारदार बोटीत चढायच्या फळीवर उभे राहून आईला हात देऊ लागले. मावशी म्हणाल्या, मी इथेच राहणार आहे, तू सांभाळून जा.

तक्रारदारांना आधी ते खरे वाटले नाही. मग त्यांनी समजावले. घरी खोली रंगवून घेतली आहे, पलंग आणला आहे, रात्री काही झाले तर कोण बघणार, गॅस चालू राहिला तर काय. त्यातले काही चुकीचे नव्हते. मावशींनी सगळे ऐकून घेतले व पुन्हा तेच सांगितले. तोवर टपरीवरची माणसे बघू लागली होती.

तक्रारदार दबक्या आवाजात म्हणाले, "आई, काय हे सगळ्यांसमोर."

मावशी म्हणाल्या, "सगळ्यांसमोरच बोलते. घरी माझं बोलणं तूच पुरं करतोस."

यावर तक्रारदार फळीवरून खाली आले व त्यांनी आईचा दंड धरला. किती जोरात ते मला मोजता येणार नाही. मावशींचा चेहरा मी पाहिला. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. मी म्हणाले, मर्जी नसलेले माणूस माझ्या बोटीत चढणार नाही, ओढून चढवलेत तर इंजिन सुरू होणार नाही. तक्रारदार म्हणाले, जेवढी माणसे नेलीत तेवढी परत आणायची जबाबदारी तुमची आहे. मी म्हणाले, बुडू न देण्याची जबाबदारी माझी आहे, ती मी पार पाडली आहे, बाई जमिनीवर उभ्या आहेत. याला तक्रारीत धमकी म्हटले आहे. म्हणायचे असेल तर म्हणावे. शब्द माझेच आहेत.

तक्रारदारांना मी धक्का देऊन समुद्रात पाडले, या आरोपाबाबत. दंड सुटल्यावर त्यांनी आईच्या हातातली कापडी पिशवी ओढली. त्यांना वाटले असावे की पिशवी गेली की आई मागे येईल. मावशींनी पिशवी सोडून दिली. ती एकदम सुटल्याने तक्रारदार मागे झोकांडले आणि फळीच्या कडेने पिशवीसकट पाण्यात गेले. मी त्यांच्यापासून दोन हात लांब होते. टपरीवाल्याने, मैत्रिणीने व निम्म्या धक्क्याने हे पाहिले आहे. जॅकेट असल्यामुळे ते बुचासारखे वर आले. दिराने बोटीच्या आकडीने त्यांच्या जॅकेटचा पट्टा धरून त्यांना कडेला घेतले. पाठीला खरचटले ते त्या वेळचे असेल, त्याबद्दल दिराला वाईट वाटते. कोणी हसले असल्यास ते मी नव्हे.

वर आल्यावर त्यांना सगळ्यात आधी टॉवेल मावशींनी दिला. डोकेही त्यांनीच पुसले. तक्रारदारांनी पुसू दिले. मला वाटले की आता दोघे काहीतरी बोलतील, म्हणून मी व दीर बोटीच्या दुसऱ्या टोकाला गेलो. काय बोलणे झाले ते माहीत नाही. तक्रारदार एकटेच बोटीत आले.

नातीने खाली उडी मारून आजीला काहीतरी विचारले. आजीने तिच्या कानात उत्तर दिले. ते मला ऐकू आले नाही, आले असते तरी इथे सांगितले नसते. त्या मुलीला या प्रकरणात बोलावू नये अशी माझी विनंती आहे. विनंती मानली नाही तर मी वरच्या साहेबांकडे जाईन.

सूनबाईंनी बर्फाच्या पेटीतली तांबोशी काढून सासूच्या हातात दिली. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमची आहे, आई." पतीने त्यांच्याकडे पाहिले. त्या बाकावर जाऊन बसल्या. मी तक्रारदारांना माझा कोरडा शर्ट दिला, तो त्यांनी घातला. अजून परत आलेला नाही. राहू दे.

मावशी कुठे राहतात हे मला माहीत आहे का, असे विचारले. माहीत आहे. सोमवारी मी फेरीवर असताना तिथे थांबून त्यांना भेटले आहे. घर कोणते, ते मी सांगणार नाही. त्या स्वतः सांगतील तेव्हा सांगतील. माहिती लपवल्याचा ठपका माझ्यावर येऊ शकतो, असे मला समजावून सांगण्यात आले. मला समजले. तरी सांगणार नाही.

सोमवारी दुपारी मावशींनी या ठाण्यात फोन केला होता, तो हवालदारांनी घेतला. आपले पूर्ण नाव, वय, त्या दिवसाची तारीख व वार सांगून, मला कोणी पळवलेले नाही, फूस लावलेली नाही, मी माझ्या मर्जीने राहते आहे, असे त्यांनी सांगितले. हवालदारांना दोनदा म्हणाल्या की सावकाश लिहा, मी थांबते. तक्रारदारांचे म्हणणे, ते तिच्याकडून वदवून घेतले. मावशींकडून काही वदवून घेता येते का, हे त्यांनीच आठवून बघावे.

मी माफी लिहून दिल्यास तक्रारदार तक्रार मागे घेतील, नाहीतर माणसे नेण्याचा माझा परवाना चौकशी होईपर्यंत थांबवला जाईल, असे मला सांगण्यात आले. हंगाम आत्ताच सुरू झाला आहे. परवाना थांबला तर दिराचे व माझे काय होईल ते मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. घरी दीर म्हणाला, वहिनी, दोन ओळींनी काय बिघडते. मी त्याला विचारले, त्या दोन ओळींत काय लिहू? तो कागद घेऊन बसला. त्यालाही सुचले नाही. माफी मी लिहून देणार नाही.

कापडी पिशवी तक्रारदारांकडे आहे. त्यात मावशींची रक्तदाबाची औषधे व चष्मा आहे. औषधे भिजली असतील तर नवीन आणावी लागतील. माझ्याविरुद्ध काय कारवाई करायची ती करावी, पण पिशवी आधी पोचवावी. इथे आणून दिलीत तर मी उद्या घेऊन जाईन. चौकशी संपेपर्यंत तिकडे जाऊ नका असे मला सांगितले आहे. परवाना असेपर्यंत माझी बोट तिथे थांबणार.

परत तसाच प्रसंग आला तर काय कराल, असे शेवटी विचारले. बोट तिथेच लावीन.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात एके ठिकाणी 'सदर वृद्ध महिलेस पलीकडच्या धक्क्यावर उतरवले' असे आले होते. ते मी मान्य केले नाही. साहेब म्हणाले की अर्थ तोच होतो. मी म्हणाले की होत नाही. ते खोडून 'सदर महिला उतरल्या' असे लिहून घेतले, खाडाखोडीवर माझी सही आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच असून तो खरा आहे.