ऐंशीच्या पुढे घुमणारी गाडी

तुम्हाला सांगतो, आमची गाडी ऐंशीच्या पुढे गेली की घुमायला लागायची. एकसारखं घूंऽऽ. व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये ऐंशी गाठणार कोण? त्यामुळे गॅरेजवाल्याला तो आवाज कधी ऐकूच यायचा नाही. टायर बदलले, तरी घूं चालूच. त्यात याच गाडीने पुण्याला जायचा दिवस जवळ आलेला.

एका रविवारी होसकोटेच्या पुढे हायवेवर होतो. शेजारी बायको, मागे तिची मल्लेश्वरमची मावशी बसली होती. ती गाणं शिकवते. म्हणाली, "अरे, हा सूर वेगाबरोबर चढतोय बघ. स्वल्प, जरासा गिअर काढ."

न्यूट्रलला टाकली. इंजिन मंदावलं, घूं तसंच.

"म्हणजे इंजिन नाही, चाकाचंच काहीतरी आहे," बायको म्हणाली. "पण कुठल्या चाकाचं?"

तेवढ्यात रस्ता उजवीकडे वळला आणि आवाज एकदम वाढला. पुढच्या डाव्या वळणावर जवळजवळ नाहीसाच झाला. मावशी पुढे वाकली. "उजवीकडे वळताना भार कुठे येतो रे?"

"डाव्या चाकांवर," मी म्हणालो, आणि लगेच वेग कमी केला.

हळूहळू मागे फिरून होसकोटेतलं एक गॅरेज गाठलं. मेकॅनिकने पुढचं डावं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर ते चक्क डुगडुगलं. आतलं बेअरिंग पार गेलं होतं.

"बरं झालं आलात, सर," तो म्हणाला. "अजून थोडे दिवस चालवली असती, तर चाक तुमच्या आधी घरी पोचलं असतं."