रुसलेला मामा

गाव पांढरकवडा होतं की घाटंजी, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. पण लॉजच्या काउंटरवरचं बोलणं शब्दशः आठवतं, निदान तसं वाटतं.

मी साधी खोली घेतली होती. घरचा गॅस बंद केला की नाही, या काळजीने चेहरा पाडून किल्लीची वाट पाहत होतो. तिथेच एका लग्नाचं वऱ्हाड उतरत होतं. मुलीच्या वडिलांनी येऊन माझे हातच धरले.

"मामाजी, काहून रुसले जी? पंख्याची रूम भेटली म्हणून? अबे मॅनेजर, नवरदेवाच्या मामाले एसी दे!"

"अहो, मी मामा नाही."

"घ्या! नातंच तोडून राह्यले! यायले वरची मोठी रूम दे!"

"पण मी खरंच..."

त्यांनी फेटा काढून माझ्या पायावर ठेवला. "आता लग्न मोडता काय जी?"

मी घाबरून किल्ली घेतली. खरा मामा कधीही दार ठोठावेल, या धास्तीने त्या गुबगुबीत पलंगावर बूट घालूनच बसून राहिलो.

काही वर्षांनी त्या वऱ्हाडात मुंडावळ्या बांधलेला पाहिलेला तोच नवरदेव एका बँकेत भेटला. मी त्याला विचारून खात्री करून घेतली. त्याच्या आईला भाऊच नाही.