रोज सकाळी नाहीसं होणारं ॲड-ऑन

...नाही, पण आधीच सांगून ठेवतो, हे सगळं मला खरंच आठवतंय, की सांगून सांगून ते असं झालंय, याची मला खात्री नाही. बायको म्हणते, तुम्ही ही गोष्ट जितक्यांदा सांगता तितकी त्यात तुमची उंची वाढते. वाढत असेल बुवा. पण एक गोष्ट मी कुठंही शपथेवर सांगेन. ते ॲड-ऑन मी बसवलं होतं. रोज बसवलं होतं. केलं होतं म्हणजे केलं होतं!

तुम्हाला सांगतो, आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, आणि तो बायकोचा. ती शाळेत गणित शिकवायची. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, म्हणजे अख्खी नोकरी ‘जर’ आणि ‘तर’ यांच्या मधोमध उभं राहून काढली. एकदा मी तिच्या मशीनवर काहीतरी उतरवून घेतलं आणि महिनाभर माउस हलवला की पडद्यावर फुलपाखरं उडायची. तिनं विजेचं बिल भरायचं आणि आकड्यांवर फुलपाखरू बसायचं! झालं, हुकूम सुटला, “माझ्या मशीनवर तुमचं काही बसवायचं नाही.” मग भाच्यानं तोडगा काढला. त्यानं मला एका पेन ड्राइव्हवर पोर्टेबल ब्राउझर घालून दिला. म्हणजे काय, तर इंटरनेट बघायची खिडकी आपण खिशात घेऊन फिरायची, कुठल्याही भिंतीला टेकवायची, बघायचं आणि काढून घ्यायची. भिंतीला एक खिळासुद्धा नाही.

दुसरा कोणी असता तर इथं थांबला असता. मी थांबेन? मी कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा माणूस. जिना उतरून खाली जातो आणि चौथ्यांदा ओढायला वर येतो. खिडकी आपली असली तरी वारा लोकांचाच ना? म्हणून तो ब्राउझर मी सँडबॉक्समध्ये चालवायचं ठरवलं. लहान मुलांना खेळायला वाळूचा हौद असतो बघा, तसंच. ब्राउझरनं जो काय पसारा घालायचा तो हौदात घालायचा, बाहेर कणभर नाही. भाचा म्हणाला, “मामा, हे म्हणजे घरात गादीवर लाइफ जॅकेट घालून झोपण्यासारखं आहे.” मी म्हटलं, बाबा रे, मला झोप लागते ना, मग झालं तर. बायकोनं मात्र परवानगी लगेच दिली. मशीनला माझ्यापासून वाचवणारी वस्तू बसवायची म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणेल!

आता ॲड-ऑन कशाला, ते सांगतो. त्याचं असं झालं, की आमच्या घराभोवतीचं सगळं जग हळूहळू पुटपुटायला लागलं. म्हणजे बायकोच्या मते. बातम्या देणारी पुटपुटते, दूधवाला पुटपुटतो, दारावरची घंटासुद्धा म्हणे हल्ली पुटपुटते. तिचे कान गेलेत असं म्हणायची कोणाची छाती? माझी तर नाहीच. पण आमची मुलगी, ती तिकडे लांब परक्या देशात पूल बांधते, तिचा व्हिडिओ कॉल आला की पूर्वी बायको मला ढकलून खुर्चीत बसायची. आता ती म्हणायला लागली, “तुम्ही बोला, मी ऐकतेय.” आणि पाठ करून कपड्यांच्या घड्या घालायची. मी बघत असायचो ना. तोच टॉवेल. घडी घालायची, मोडायची, पुन्हा तीच घडी.

आणि त्यात त्या रविवारी मुलीचं भाषण होतं. तिच्या संस्थेनं तिचा सत्कार ठेवला होता, सगळ्यांना घरबसल्या बघता येणार होता. ज्या बाईनं त्या पोरीला पाढे शिकवले ती मला काय म्हणाली? “तुम्ही ऐका आणि मला नंतर सांगा.” मी सांगायचं! माझ्या आठवणीच्या भरवशावर!

तर मी शोधून काढलं, की ब्राउझरला जोडायचं असं एक ॲड-ऑन मिळतं, जे समोरचा बोलेल ते पडद्यावर खाली अक्षरांत लिहून दाखवतं. फुकट मिळतं. पण बायकोला कसं सांगणार, की हे तुझ्यासाठी? म्हणून मी सांगितलं, माझे कान हल्ली जरा... झालं! त्या क्षणापासून ती माझ्याशी ओरडून बोलायला लागली. “चहा झालाय” हे असं म्हणायची, की एकदा वरच्या मजल्यावरचे शिंपी “आलो” म्हणाले. आणि आले! बसले, चहा प्यायले, आणि जाताना माझ्या कानाशी वाकून “वयानं व्हायचंच” असं म्हणून गेले.

सोमवारी मी ते ॲड-ऑन बसवलं. बातम्या लावल्या. खाली पिवळी ओळ सरसर उमटायला लागली. मी अगदी कृतकृत्य! सगळं बंद केलं, पेन ड्राइव्ह काढला, खिशात घातला, खिसा चाचपला. मंगळवारी सकाळी उघडून बघतो तर ॲड-ऑन नाही. नाही म्हणजे, कधी नव्हतंच अशा थाटात नाही! पुन्हा बसवलं, पुन्हा पिवळी ओळ. बुधवारी पुन्हा गायब. आता मला सांगा, अशा वेळी माणूस कोणावर संशय घेतो? सामान्य माणूस यंत्रावर घेतो. मी शिकलेला, मी स्वतःवर घेतला. म्हटलं, काल बसवलं असं आपल्याला वाटतंय, पण बसवलं होतं का? की बसवायचं ठरवलं आणि त्यालाच बसवलं म्हणतोय? बायको स्वयंपाकघरातून मोठ्यानं म्हणाली, “केलंच नसेल तुम्ही!” मी म्हटलं, अगं, केलं होतं. ती म्हणाली, “गॅसही बंद केला होता म्हणालात.” मी उठून गॅस बघून आलो.

मग मी शास्त्रशुद्ध मार्गानं गेलो. बुधवारी ॲड-ऑन बसवल्या बसवल्या रुमालाला गाठ मारली. गुरुवारी सकाळी रुमाल बघितला, गाठ आहे. ब्राउझर बघितला, ॲड-ऑन नाही. सिद्ध झालं की नाही? केलं होतं म्हणजे केलं होतं! बायको म्हणाली, “गाठ तुम्ही चष्म्यासाठीही मारता, छत्रीसाठीही मारता. ही कशाची?” आणि तुम्हाला सांगतो, मी तो रुमाल उलटसुलट करून बघितला. कारण खरंच, ही कशाची?

गुरुवारी दुपारी मी घरी गुडघ्याचं कारण सांगून डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, एकदाचं बघून घ्या, डोकं शाबूत आहे का. त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, मी काढलं. त्यांनी मला तीन शब्द दिले, लिंबू, शिडी, टोपी, आणि इकडच्या तिकडच्या गप्पा मारून पुन्हा विचारले. मी म्हटलं, लिंबू, शिडी, टोपी. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे सगळं, पण तुम्हाला अशी शंका का आली? मी म्हटलं, मी रोज एक वस्तू बसवतो आणि सकाळी ती नाहीशी होते. “कोणती वस्तू?” म्हटलं, दिसत नाही ती, वाळूच्या हौदात असते. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पुन्हा एकदा घड्याळ काढता का?”

घरी आलो तो चिडूनच. म्हटलं, आता साक्षीदार हवा. बायकोला खुर्चीत बसवलं, तिच्यादेखत ॲड-ऑन बसवलं, बातम्या लावल्या, पिवळी ओळ आली. तिनं मान पुढं करून ती वाचली. बराच वेळ वाचली हो. मग म्हणाली, “बरं आहे तुमच्या कानांसाठी.” आणि उठली. शुक्रवारी सकाळी दोघांनी मिळून ब्राउझर उघडला. नाही! मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. ती गंभीरपणे म्हणाली, “म्हणजे दोघांचंही गेलं.”

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामा, ॲड-ऑन काढून पुन्हा टाका. मी म्हटलं, काढायला ते असायला नको का? तो म्हणाला, मशीन रीस्टार्ट करा. केलं. तो म्हणाला, ब्राउझर जुना झाला असेल, नवा घाला. घातला. आणि शनिवारी सकाळी पुन्हा तेच! पण या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आदल्या दिवशी मी अक्षरं मोठी केली होती, तीही बारीक झाली होती. मुलीच्या भाषणाच्या पानाला खूण करून ठेवली होती, तीही गेली होती. म्हणजे फक्त ॲड-ऑन नाही, सगळंच गेलं होतं. हे मी बायकोला तक्रारीच्या सुरात सांगितलं. ती ओटा पुसत होती. मागं न बघता म्हणाली, “तुमचं यंत्र माझ्यासारखं शिस्तीचं दिसतंय. तास संपला की फळा स्वच्छ.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. अहो, फळा! हिच्या वर्गात पद्धतच होती, घंटा झाली की आधी फळा पुसायचा, मग दार उघडायचं. गणित अर्धं राहिलं असेल तरी पुसायचा. मी धावत, म्हणजे माझ्या मानानं धावत, कॉम्प्युटरकडे गेलो आणि सँडबॉक्सच्या सेटिंगमध्ये शिरलो. तिथं एक चौकोन होता, ‘बंद होताना आतलं सगळं पुसून टाका’. त्यात बरोबरची खूण. सुरुवातीला मीच केलेली, कारण सगळ्या पर्यायांत तोच सगळ्यात निर्धोक दिसत होता! म्हणजे मी रोज हौदात किल्ला बांधत होतो आणि हौद रोज इमानेइतबारे वाळू सपाट करत होता. विसरत मी नव्हतो, विसरत तो होता! मी ओरडलो, लिंबू, शिडी, टोपी! वरून शिंपी म्हणाले, “काय?”

आता उपाय दोन होते. एक, ती खूण काढायची, म्हणजे हौदात कायमचा कचरा साठणार. छे, मला झोप आली नसती. दुसरा उपाय, एकदाच, फक्त एकदाच, ब्राउझर हौदाबाहेर उघडायचा, मोकळ्या हवेत ॲड-ऑन बसवायचं, बंद करायचं आणि मग पुन्हा आत न्यायचा. मग पुसापुशी कितीही होऊ दे, आत शिरतानाच ब्राउझर ॲड-ऑन अंगावर घेऊन शिरणार. तर्क बिनतोड होता. पण हौदाबाहेर? उघड्यावर? मी? बायको दारात उभी राहून बघत होती, म्हणाली, “फुलपाखरं आली तर बघा.” मी डोळे मिटले आणि बटण दाबलं. तुम्हाला सांगतो, आयुष्यात इतकं धाडस मी लग्नाला होकार देतानाही केलं नव्हतं. तेव्हा तर वडिलांनीच दिला होता.

बंद केला. सँडबॉक्समध्ये उघडला. आहे! पुन्हा बंद केला, पुन्हा उघडला. आहे! कुलपासारखा ओढून ओढून बघितला. आहे, आहे, आहे! दुपारी बघितलं, आहे. रविवारी सकाळी दात घासायच्या आधी बघितलं, आहे. अहो, केलं होतं म्हणजे केलं होतं, आणि आता ते राहिलंही होतं!

संध्याकाळी मी कानांचं निमित्त करून बायकोला शेजारी बसवलं. म्हटलं, मला कुठं कळलं नाही तर सांगशील. टॉवेल तिच्या मांडीवर होताच. पडद्यावर मुलगी आली, बोलायला लागली, आणि खाली ओळ उमटली. एक नाही, दोन ओळी! वर पिवळी, खाली पांढरी. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, आज तर दोन हातांनी लिहितोयस! बायको वाचत होती. मुलगी म्हणाली, पुलाचा पहिला आकडा मी कागदावर मांडते तेव्हा तो दोनदा तपासते, हे मला माझ्या आईनं शिकवलं. बायकोच्या हातातला टॉवेल थांबला. ती पडद्याला म्हणाली, “तीनदा सांगितलं होतं.” आणि डोळे पुसायला तोच टॉवेल घेतला. एकदाही उठली नाही हो, शेवटपर्यंत. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यातल्या निम्म्या स्वतःकडे घेतल्या. कोणाला कळतंय!

तेव्हापासून ही गोष्ट मी येईल त्याला सांगत आलो. पुढं बऱ्याच वर्षांनी मुलगी सुट्टीला आली होती, तिच्यासमोर शिंप्यांना सांगत होतो. ती मध्येच म्हणाली, “बाबा, पांढरी ओळ ना? ती आमच्या संस्थेकडून होती. आईनं मला आधीच फोन करून सांगितलं होतं, की तिला ऐकू येत नाही. तुम्हाला सांगायचं नाही असंही बजावलं होतं, तुम्ही त्या हौदात इतके रमला होतात म्हणून.” मी सहजासहजी मानतो का? त्या भाषणाचं रेकॉर्डिंग काढून बघितलं. भाच्याच्या मशीनवर बघितलं, जिथं माझं काहीच बसवलेलं नव्हतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत पांढरी ओळ आहे. पिवळी नाही. म्हणजे पिवळी माझी, आणि पांढरी त्यांची. पक्कं झालं.

मग मी बायकोला एकच विचारलं, त्या दिवशी तू कोणती वाचत होतीस?

ती म्हणाली, “पांढरी. तुमची पिवळी एक वाक्य मागे असायची.” मग म्हणाली, “पण तीही वाचली मी. मागून येणाऱ्याची सवय आहे मला.”

चालायचंच. पण पिवळी होती हो. ती मी बसवली होती.