तुटावा म्हणून गाठवलेला करदोडा

एकनाथवर अन्याय झाला, आन् कधी झाला तेवढं आधी लिहून घ्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, व्यसनमुक्ती केंद्राच्या फाटकाजवळच्या खोलीत त्याच्या कमरेचा करदोडा कात्रीनं कापला. न विचारता. तो सवताच्या पायानं गेला होता हो, कुणी बांधून नव्हतं नेलं, पोळ्याला एक थेंब घेतला नव्हता त्यानं, निघताना वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ओवाळलं होतं, आन् आत पाय ठेवल्या ठेवल्या ही खातिरदारी.

मी पिशोरचा, तो देवगाव रंगारीचा. दोघंबी बारावी अर्ध्यात टाकून शहरात गुलमंडीच्या बाजारात आलो, एकाच खोलीत राहिलो, एकाच तव्यावर भाकरी जाळल्या. मी गाठवणीचं काम शिकलो, म्हणजे सोनाराच्या दुकानाच्या पायरीवर बसायचं, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, पीळ द्यायचा, आन् बायांच्या पोती, मंगळसूत्रं, लेकरांचे आन् गड्यांचे करदोडे गाठवून द्यायचे. एकनाथ समोरच्या कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचा. पाठ दुखायची तर मालक सवता बाटली द्यायचा, घे रे, पाठ मोकळी होईल. आन् तोच मालक पुढं म्हणला, दारुड्याला मी दुकानात ठेवत नसतो. हे बी लिहा. दारू पाजणारा शहाणा आन् पिणारा नालायक, हा कुठला न्याय?

करदोड्याचं काय सांगू तुम्हाला, शहरातल्या माणसाला तो नुसता काळा दोरा दिसतो. आमच्यात लेकरू पाळण्यात असताना बांधतात. जुना झाला की आधी नवा बांधायचा, मग जुना काढायचा, कंबर एक घडीभर मोकळी ठेवायची नाय. माणूस मेल्यावरच तोडतात. माझ्या बापाचा चुलत्यानं तोडला, तिरडीवर घ्यायच्या आधी, मी तिथंच उभा होतो, रडू मला तेव्हा आलं, आधी नव्हतं आलं.

तर रविवारी भेटायला गेलो. एकनाथनं हात धरला, म्हणला, गड्या, माझा करदोडा तोडला रे, मी तर मेलो. मी हसण्यावारी नेलं, म्हणलं, मेलेला माणूस चहात साखर कमी हाय म्हणून भांडत नसतो. तो हसला नाय. निम्मा चहा तसाच खाली ठेवला. म्हणला, मेलेल्यानं सोडली काय आन् पिली काय. तेव्हा मला कळलं, हा इथं टिकत नाय. आन् इथं नाय टिकला तर कुठंच टिकत नाय, डॉक्टरनं वहिनीला साफ सांगितलं होतं, लिव्हर आता सहन करणार नाय.

मी लई जीव लावून करदोडा केला. रेशमाचा, सात पदरी, मेण लावून, बैल बांधला तरी तुटला नसता. केंद्रातल्या साहेबांनी तो हातात बी घेतला नाय. म्हणले, दोरा, नाडी, पट्टा, काय बी आत जात नाय, मागं एकानं नाडीनं बरंवाईट करून घेतलं, जबाबदार कोण, तुम्ही? आता ह्यात खोटं काय होतं? काय बी नाय. माझा राग इतकाच, की हेच एकनाथला दोन मिन्टं बसवून सांगता आलं असतं. बाबा, असं असं हाय, तुझ्या हातानं सोड. दोन मिन्टं नव्हती त्यांच्याकडं, कात्री होती.

मग मला अक्कल सुचली. कच्चं सूत घेतलं, पीळ दिला नाय, मेण लावलं नाय, दोन बोटांनी ओढलं की तुटंल असा करदोडा केला. शेजारचे बांगडीवाले चाचा बघत होते, म्हणले, अरे मियाँ, उमरभर पक्का बनाया, अब कच्चा काइकू बना रहा? म्हणलं, चाचा, दोस्तासाठी. आयुष्यात पहिल्यांदा मी वाईट काम नीट मन लावून केलं.

दोन केले, एक साहेबांच्या टेबलावर तोडून दाखवला. तुटला, ते खूश झाले, दुसरा आत जाऊ दिला. एकनाथनं बांधला, पाठ फिरवून डोळे पुसले, म्हणला, आता राहतो बघ. आन् राहिला की हो! जेवायला लागला, वहिनीला म्हणला, पुढच्या रविवारी पोरीला घेऊन ये.

आंघोळ करताना तुटला. तुटणारच होता, मी तसाच केला होता, आन् हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. तो तुकडे हातात घेऊन बसला, तेव्हा तिथला एक कामगार, पोरसवदा नाय, चांगला मिशावाला, म्हणला, रडतो काय, तुझ्या दोस्तानंच साहेबाला तोडून दाखवला होता.

रविवारी एकनाथ मला म्हणला, मी फास घेईन असं वाटलं तुला? त्यांना वाटू दे, ते मला वळखत नाय. तुला बी? मी म्हणलं, अरे नियम होता. तो म्हणला, नियम त्यांचा, दोरा तुझा. पोरगी समोर उभी होती, तिनं त्याच्यासाठी शेंगदाण्याचा लाडू आणला होता.

त्याच आठवड्यात भांडून बाहेर पडला. आता रोज पितो. केंद्राचे साहेब म्हणतात, आणा त्याला, ह्या वेळेला आधी विचारू, समजावून सांगू. वहिनी म्हणती, भाऊ, तुमचं ऐकत होते. होते. मी दिसलो की तो उठून जातो. देव त्याला आयुष्य देवो, एवढंच माझ्या तोंडून निघतं, आन् त्यानं काय होतं?

म्हणून आता लिहिणाऱ्याला नाय, वाचणाऱ्याला सांगतो. तुमचं माणूस अशा केंद्रात असंल तर येत्या रविवारी डबा उघडायच्या आधी त्याला विचारा, इथं तुला न विचारता काय काय केलं, आन् मग जाऊन साहेबांना जाब विचारा. एकनाथ दुपारी गुलमंडीत बंद दुकानाच्या पायरीवर असतो, निळा शर्ट, डाव्या भुवईवर खोक. नाकाला रुमाल लावून पुढं जाऊ नका. मला तो जवळ बसू देत नाय. तुम्ही बसा.